रात्री फिट येणाऱ्या माणसावर लक्ष कसं ठेवायचं: मुंबईतल्या घरांसाठी सविस्तर माहिती

उशाशी रात्रभर जागत बसणं कुठल्याच घराला महिनोन्‌महिने जमत नाही, आणि त्याची गरजही नसते. मोठी फिट आली तर घरातल्या एका तरी माणसाला ते कळलं पाहिजे, तो दोन मिनिटांच्या आत अंथरुणाशी पोचला पाहिजे आणि पुढे काय करायचं ते त्याला अर्धवट झोपेतही आठवलं पाहिजे. कॅमेरा, घड्याळ, गादीखालचा सेन्सर हे सगळं त्या माणसाला उठवण्यापुरतं. पाच हजारांचं यंत्र घेतलं आणि उठून आलेल्या माणसाने पेशंटच्या तोंडात चमचा घातला, तर पैसे फुकट गेले असं समजा.

किती लक्ष हवं, हे फिटवर ठरतं

सगळ्यात जास्त काळजी संपूर्ण अंगाला झटके देणाऱ्या फिटची घ्यायची. आधी अंग ताठ होतं, कधी घशातून मोठा विचित्र आवाज निघतो, मग दोन्ही हातपाय झटके देतात. हे साधारण एक ते तीन मिनिटं चालतं आणि मग घोरल्यासारखा जड श्वास सुरू होतो. अपस्मारात, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजारात, अचानक येणाऱ्या मृत्यूचा धोका मुख्यतः याच फिटशी जोडलेला आहे. मोठ्या माणसांत वर्षाला साधारण १,००० पेशंटमागे १ असं त्याचं प्रमाण धरलं जातं. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजी आणि अपस्मार संघटनांनी २०१७ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार वर्षात अशा तीन किंवा जास्त फिट येत असतील तर धोका सुमारे १५ पट होतो. ज्यांना अशी फिट कित्येक वर्षांत आलेली नाही आणि गोळ्या नियमित चालू आहेत, त्यांच्या घरी रात्री कॅमेरा लावून सगळ्यांची झोप मोडण्यात अर्थ नाही.

हे मृत्यू बहुतेक रात्री होतात, आणि माणूस अनेकदा पालथा सापडतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मॉर्टेमस अभ्यासात हॉस्पिटलच्या मॉनिटरवर असताना दगावलेल्या पेशंटची नोंद तपासली गेली. फिट थांबल्यानंतरच्या काही मिनिटांतच श्वास आणि हृदय बिघडत गेल्याचं त्यात दिसलं. म्हणून झटके थांबले की ‘झालं एकदाचं’ म्हणून परत झोपायला जाऊ नका. जागेवर थांबायची वेळ तिथूनच सुरू होते.

काही फिट वेगळ्या असतात. शाळकरी मुलांना झोप लागल्यावर किंवा पहाटे तोंडाची एक बाजू ओढली जाते, लाळ गळते, घशातून गुरगुर येते. मूल शुद्धीत असतं पण बोलता येत नाही. यातला एक प्रकार मोठेपणी आपोआप जातो, पण तो तोच आहे हे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, बघून डॉक्टरांनी सांगायचं. तरुण मुलामुलींत सकाळी उठल्यावर पहिल्या तासाभरात हात झटकन उडतात, ब्रश किंवा चहाचा कप हातातून पडतो. असे बारीक झटके वाढत वाढत मोठी फिट येऊ शकते. पहाटे ५ची लोकल पकडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: अशा घरात पहारा रात्रीपेक्षा सकाळच्या आंघोळीच्या वेळी जास्त लागतो. आणखी एका प्रकारात माणूस झोपेतून ओरडत उठतो, पाय सायकल मारल्यासारखे चालवतो आणि मिनिटभरात शांत होतो. एका रात्रीत हे अनेकदा होतं. याला बाहेरची बाधा समजून वर्षं घालवलेली कुटुंबं आहेत. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. झोप लागता लागता एकदाच दचकणं मात्र सगळ्यांना होतं, ती फिट नव्हे.

अंथरूण आणि खोली

दहा बाय बाराच्या खोलीत चार-पाच जण खाली अंथरूण घालून झोपतात, त्या घरात निम्मा प्रश्न आधीच सुटलेला असतो. खरी अडचण टू बीएचकेमध्ये, जिथे मुलगा दार लावून एसीत झोपतो आणि आईवडील दुसऱ्या टोकाला असतात.

पेशंटची जागा जमिनीवर किंवा बुटक्या पलंगावर ठेवा. पोटमाळा, दोन मजली पलंगाचा वरचा भाग, बुटक्या कठड्याची गॅलरी नको. कापसाची घट्ट गादी चांगली. खोल रुतणारा फोम आणि जाड मऊ उशी नको. उशी लागतेच असेल तर एक, पातळ. श्वास कोंडू न देणाऱ्या म्हणून जाळीदार महागड्या उशा विकतात, पण त्यांनी जीव वाचतो असा भक्कम पुरावा नाही. मऊ उशी काढून टाकायला पैसे लागत नाहीत.

पलंग भिंतीला टेकवला असेल तर गादी आणि भिंत यांच्यातली फट हाताने चाचपून बघा. चार बोटं आत जात असतील तर तोंड तिथे अडकू शकतं. गोधडी घट्ट गुंडाळून भरा, नाहीतर पलंग हातभर पुढे ओढा. लोखंडी पलंगाच्या कडा आणि गोदरेजच्या कपाटाचा कोपरा डोक्याच्या टप्प्यात येतो का बघा. डासांची अगरबत्ती, टेबल फॅन, काचेची बाटली अंथरुणापासून दोन हात लांब.

दारांचं काम एका दुपारचं आहे. झोपायच्या खोलीची आतली कडी काढूनच टाका. बाथरूमला बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल असं लॉक बसवा. ते होईपर्यंत आतून कडी न लावता बाहेर ‘आत आहे’ असा पुठ्ठा लटकवा. रात्री उठून जायच्या वाटेवर छोटा दिवा असू दे. चाळीत सामाईक संडासला रात्री जायचं असेल तर कुणाला तरी उठवून जायचं, हे ठरवून ठेवा.

कोण ऐकणार, कशाने ऐकणार

सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे हाताच्या अंतरावर झोपलेला, कच्च्या झोपेचा माणूस. तो रोज एकच नको; आठवड्याचे वार वाटून घ्या. दर तासाला गजर लावून बघायला उठण्याची पद्धत टाळा. त्यात पेशंटची झोप मोडते, आणि झोप मोडणं हेच फिटचं मोठं कारण आहे.

वेगळ्या खोलीत झोपायचं असेल तर पहिली पायरी आवाजाची. लहान बाळांसाठी मिळणारा साधा ऑडिओ मॉनिटर वायफायवर चालत नाही, म्हणून बंद पडायची शक्यता कमी. मायक्रोफोन डोक्यापासून हात-दोन हातांवर ठेवा, पंख्याच्या थेट वाऱ्यात नाही. पाच नंबरवर फिरणाऱ्या पंख्याचा घरघराट बाकी सगळं गिळतो. आणि प्रत्येक फिटला आवाज होतोच असं नाही, म्हणून फक्त आवाजावर विसंबू नका.

दुसरं साधन कॅमेरा. अंधारात दिसणारा, कार्डावर रेकॉर्ड करणारा घ्या. तो पलंगाच्या पायथ्याच्या कोपऱ्यात, डोक्याच्या उंचीच्या वर लावा, म्हणजे तोंड आणि दोन्ही हात एका चौकटीत येतात. मुंबईत इथे एक गोष्ट हमखास फसते: मच्छरदाणी. कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड दिवा जवळच्या जाळीवर आपटून परत येतो आणि चित्रात नुसता पांढरा पडदा दिसतो. उपाय दोन. एक तर कॅमेरा दाणीच्या आत, आतल्या दोरीजवळ पक्का बांधायचा. नाहीतर कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड दिवा सेटिंगमध्ये बंद करून खोलीत मंद झिरो बल्ब ठेवायचा. खिडकीच्या काचेसमोर लावला तरी हेच होतं.

हालचाल दिसली की कॅमेरा फोनवर जो संदेश पाठवतो, त्याला अलार्म समजू नका. तो इंटरनेटवरून फिरून येतो, उशिरा येतो, आणि कूस बदलली तरी येतो. आठवडाभरात घरचे तो बंद करतात. कॅमेऱ्याचा खरा उपयोग सकाळी रेकॉर्डिंग बघायला. फिटचा तुकडा त्याच दिवशी वेगळा सेव्ह करा, कारण कार्ड भरलं की जुनं पुसलं जातं. कंपनीचा मूळ पासवर्ड बदला. आणि पेशंट मोठा असेल तर त्याला विचारूनच कॅमेरा लावा. सव्वीस वर्षांच्या मुलीच्या खोलीत तिच्या नकळत कॅमेरा लावणं हा उपचार नव्हे.

तिसरं, अंगावरचं यंत्र. मनगटी घड्याळं हातांचे तालबद्ध झटके ओळखतात. याच जातीच्या एम्ब्रेस या घड्याळाला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. नाइटवॉच हा दंडावर बांधायचा पट्टा हालचालीबरोबर हृदयाचा वेगही बघतो. नेदरलँड्समध्ये त्याची गादीखालच्या सेन्सरशी तुलना झाली तेव्हा पट्ट्याने बहुतेक मोठ्या फिट पकडल्या, सेन्सरने मात्र बऱ्याचशा सोडल्या. त्यामुळे स्वस्त पडतो म्हणून फक्त गादीखालचा सेन्सर घ्यायचा असेल तर दोनदा विचार करा. त्यातून खाली कापसाची जाड गादी असली तर हादरा पोचतच नाही. खर्च जमत नसेल तर ओपनसीझरडिटेक्टर हे मोफत अँड्रॉइड ॲप आहे, ते गार्मिनच्या काही घड्याळांबरोबर चालतं. कुठलंही घड्याळ घेतलं तरी दात घासताना, खाजवताना, आरतीच्या टाळ्यांना ते वाजणारच. ते सहन करायचं, संवेदनशीलता इतकी उतरवायची नाही की खरी फिटही निसटेल. नुसतं अंग ताठ होणारी किंवा शून्यात बघत राहणारी फिट ही घड्याळं पकडत नाहीत. आणि यातलं कुठलंही यंत्र अचानक मृत्यू टाळतं असं अजून सिद्ध झालेलं नाही.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर फिटनंतर कामाचा, फिटमध्ये नाही. झटके चालू असताना त्यावरचा आकडा धरू नका.

रंगीत तालीम

यंत्र आणलं, त्याच रात्री तालीम करा. एकाने पेशंटच्या जागी झोपून हात जोरात, तालात हलवायचे. दुसऱ्याने आपल्या खोलीत, दार लावून, पंखा पूर्ण वेगाने लावून झोपायचं. तिसऱ्याने वेळ लावायची: हात हलायला लागल्यापासून उठलेला माणूस पेशंटच्या खांद्याला हात लावेपर्यंत. दोन मिनिटांच्या वर गेलं तर कुठे अडलं ते शोधा.

अडतं ते बहुधा याच ठिकाणी. फोन सायलेंटवर असतो किंवा रात्री आपोआप ‘डू नॉट डिस्टर्ब’वर जातो, ॲपला त्यातून सूट द्या. बॅटरी वाचवायला फोन पाठीमागे चालणारं ॲप स्वतःच बंद करतो; सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरीची मर्यादा काढा. हे नसेल केलं तर पहिले दोन दिवस सगळं ठीक चालतं आणि तिसऱ्या रात्री काहीच वाजत नाही. मधे विटांची भिंत आणि लोखंडी कपाट आलं की ब्लूटूथ तुटतं. घड्याळाशी जोडलेला फोन पेशंटच्याच खोलीत ठेवा. घड्याळ रात्री चार्जिंगला लावायची सवय मोडा, संध्याकाळी जेवताना लावा. राउटरला छोटा यूपीएस जोडा. मुंबईत वीज जात नाही म्हणणाऱ्यांना १२ ऑक्टोबर २०२० आठवत असेल. तालीम दर महिन्याला आणि फोन बदलला की पुन्हा.

फिट आली: पहिली पाच मिनिटं

१. दिवा लावा, घड्याळात वेळ बघा आणि मोठ्याने बोला: ‘दोन वाजून दहा.’ घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं, म्हणून अंदाजावर जाऊ नका.

२. पालथा असेल तर आधी तोंड मोकळं करा. उशी, चादर बाजूला. झटके चालू असतानाच खांदा आणि कंबर धरून कुशीवर वळवता आलं तर वळवा. जमत नसेल तर निदान तोंड गादीतून बाहेर काढा.

३. डोक्याखाली हात किंवा घडी घातलेला टॉवेल. गळ्याजवळचं बटण, साखळी सैल करा. चष्मा काढा.

४. हातपाय दाबून धरू नका, खांदा निखळतो. तोंडात बोट, चमचा, रुमाल काही नाही. जीभ गिळली जात नाही, दात मात्र तुटतात आणि तुटलेला तुकडा श्वासनलिकेत जातो. पाणी पाजू नका. कांदा, चप्पल, हातात लोखंडी किल्ल्या यांनी फिट थांबत नाही. ती दोन मिनिटांत आपली आपण थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं.

५. दुसरा माणूस असेल तर त्याने व्हिडिओ काढायचा: चेहरा, डोळे उघडे की मिटलेले, कुठला हात आधी.

डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा (फिट थांबवणाऱ्या औषधाचा) स्प्रे दिला असेल तर तो साधारण पाचव्या मिनिटाला, किंवा त्यांनी लिहून दिलेल्या वेळेला. बाजारातल्या बाटल्यांत एका फवाऱ्यात औषध किती हे वेगवेगळं असतं. म्हणून डॉक्टरांकडून मिलिग्रॅममध्ये न लिहून घेता, याच बाटलीचे, याच वजनाला किती फवारे, असं लिहून घ्या आणि तो कागद बाटलीला रबरबँडने बांधा. फवारे दोन्ही नाकपुड्यांत निम्मे निम्मे. नवी बाटली आधी हवेत दाबून बारीक तुषार निघतात का बघायची. न दाबलेल्या बाटलीतून पहिले फवारे नुसतेच कोरडे जातात. मूल वाढलं की डोस बदलतो. बाटलीवरची मुदत दर महिन्याच्या तालमीत वाचा. औषधाने गुंगी येते आणि श्वास मंदावू शकतो, तेव्हा स्प्रे मारल्यावर एकटं सोडायचं नाही.

झटके थांबल्यावर

लगेच कुशीवर. वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढे, म्हणजे माणूस परत पालथा होत नाही. हनुवटी थोडी वर, तोंड जमिनीकडे, लाळ बाहेर वाहू द्या. आता छातीकडे बघा, आणि नाकासमोर गाल धरा. श्वास येतोय का? ओठ किंचित निळे असले तर ते मिनिट-दोन मिनिटांत निवळायला हवेत. नावाने हाक मारा, खांदा चोळा. नीट उत्तर मिळेपर्यंत किंवा हाकेला डोळे उघडून पुन्हा साध्या झोपेत जाईपर्यंत बाजूलाच बसा. अर्धा तास धरून चला.

श्वास नसेल, किंवा मधूनच उचकीसारखा एखादा येत असेल, तर वाट बघू नका. कठीण जमिनीवर उताणं घ्या, १०८ला फोन स्पीकरवर लावा आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात करा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल. शिकलेलं असेल तर दर ३० दाबांनंतर २ श्वास. नसेल तर नुसतं दाबत राहा. पेशंटशेजारी झोपणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी पुतळ्यावर शिकून घ्यावं.

१०८ कधी? झटके पाच मिनिटांच्या वर गेले, शुद्धीवर न येता दुसरी फिट आली, श्वास नीट होत नाही, डोक्याला मार लागला, बाई गरोदर आहे, मधुमेह आहे, किंवा आयुष्यातली ही पहिलीच फिट. नेहमीसारखी दोन मिनिटांची फिट येऊन माणूस शुद्धीवर येत असेल तर दर वेळी हॉस्पिटल गाठायची गरज नसते.

फोनवर पत्ता सांगताना इमारतीचं नाव पुरत नाही. जवळचं स्टेशन पूर्व की पश्चिम, नाका, विंग, मजला, रात्री लिफ्ट चालू असते का, हे सगळं कागदावर लिहून दाराच्या मागे चिकटवा. एकाने खाली जाऊन गेट उघडायचं. वॉचमनला आधीच सांगून ठेवा. अँब्युलन्स गल्लीत शिरत नसेल आणि टॅक्सी करायची वेळ आलीच, तर मागच्या सीटवर कुशीवर झोपवा, डोकं एकाच्या मांडीवर. बसवून, मान लोंबकळत नेऊ नका.

एकटं राहणाऱ्यांसाठी

पीजीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने निदान एका रूममेटला वरची उजळणी करून द्यावी. अगदी एकटं असाल तर शेजारी जादा चावी, आणि दाराची सेफ्टी चेन लावायची नाही, नाहीतर चावी असून उपयोग शून्य. सकाळी ठरलेल्या वेळेला घरी एक संदेश. १५ मिनिटांत आला नाही तर फोन, फोन उचलला नाही तर शेजाऱ्याने दार उघडायचं. हे रात्रीच्या पहाऱ्याची जागा घेत नाही, तेवढं स्पष्ट असू दे.

संध्याकाळची गोळी आणि सकाळची तपासणी

रात्रीच्या फिटचं साधं कारण बरेचदा राहिलेली गोळी असते. ट्रेन उशिरा, घरी यायला अकरा, जेवण न करता झोप. दोन दिवसांच्या गोळ्या ऑफिसच्या बॅगेत ठेवा. उपवासालाही गोळी घ्यायचीच, एकादशी असो की नवरात्र. मंगळागौरीचं जागरण, गणपतीच्या आराशीसाठी जागवलेल्या रात्री, नाइट शिफ्टहून येऊन दुपारी घेतलेली तुटक झोप, दारू, ताप: यांच्यानंतरच्या रात्री पहारा वाढवा.

सकाळी चार गोष्टी बघा. जिभेच्या कडेला चावल्याची खूण, ओलं अंथरूण, अंग आणि डोकं ठणकणं, डोळ्यांभोवती टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. यातलं काही दिसलं तर रात्री कुणालाच न कळलेली फिट येऊन गेली असण्याची शक्यता आहे, आणि मग कोण ऐकणार याचा पुन्हा विचार करावा लागेल. वहीत लिहा: तारीख, झोपायची वेळ, फिटची वेळ, किती मिनिटं, गोळी राहिली होती का, पाळीचा कितवा दिवस.

केईएम, नायर, सायन किंवा जे. जे.च्या न्यूरॉलॉजी ओपीडीत डॉक्टरांसमोर मिळणारा वेळ थोडा असतो. वही, व्हिडिओ आधीच उघडून ठेवलेला फोन आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या घेऊन जा, आणि तीन प्रश्न विचारा: ही फिट कुठल्या प्रकारची, माझ्या पेशंटला अचानक मृत्यूचा धोका किती, आणि घरी ठेवायला स्प्रे लिहून देणार का. दोन वेगवेगळ्या औषधांच्या गोळ्या पुरेशा डोसने घेऊनही फिट थांबत नसतील तर चौथा प्रश्न: व्हिडिओ ईईजी आणि शस्त्रक्रियेसाठी तपासणी कधी करायची.